लेम्नॉस बेटावरचा शिपाई

सोफोक्लीसच्या ‘फिलॉक्टेटिस’ या नाटकांत युद्ध कोठेंच दिसत नाहीं. ट्रॉयच्या तटाखालीं लढाई चालू आहे, दहा वर्षें लोटलीं तरी तिचा निकाल लागलेला नाहीं, एवढेंच आपल्या कानांवर येतें. रंगभूमीवर आहे तें एक ओसाड बेट, दोन तोंडांची एक गुहा, उन्हांत वाळत पडलेल्या, पुवानें भरलेल्या चिंध्या, आणि त्या चिंध्यांचा धनी असलेला एक लंगडा शिपाई. तरीहि युद्धाविषयीं जगांत जीं थोडीं थोर नाटकें झालीं त्यांत मी या नाटकाला अगदीं वरची जागा देतों. युद्धानें माणसाचें काय होतें हें पुष्कळांनीं लिहिलें. युद्धानंतर त्या माणसाचें काय करावयाचें, हा प्रश्न इतक्या उघडपणें विचारणारें नाटक मला दुसरें ठाऊक नाहीं.

कथा थोडक्यांत अशी. ग्रीक सैन्य ट्रॉयकडे निघालें असतां वाटेंत फिलॉक्टेटिसच्या पायाला साप डसला. जखम चिघळली; तिला असह्य दुर्गंधि येऊं लागली; कळ आली म्हणजे तो किंचाळे, आणि त्या किंकाळ्यांनीं छावणींतील देवकार्यांत विघ्न येई. तेव्हां सेनापतींच्या आज्ञेवरून ओडिसियसनें त्याला लेम्नॉस बेटाच्या किनाऱ्यावर, तो झोपेंत असतांना, टाकून दिलें. उशाशीं थोडें अन्न आणि कांहीं फाटके कपडे ठेवले, हेंहि कवीनें आवर्जून सांगितलें आहे. त्याच्याजवळ हेराक्लीसनें दिलेलें एक अमोघ धनुष्य होतें. त्यानें पांखरें मारून तो दहा वर्षें जगला. पुढें भविष्य निघालें कीं, त्या धनुष्यावांचून ट्रॉय पडणार नाहीं. मग त्याच ओडिसियसला त्याची आठवण झाली. अकिलीसचा कोवळा मुलगा निओप्टॉलेमस याला बरोबर घेऊन तो बेटावर येतो आणि त्या पोराला कपट शिकवतो: गोड बोल, बापाचें नांव सांग, घरीं नेण्याचें वचन दे, आणि धनुष्य हातीं आलें कीं चालूं लाग.

याच कथेवर एस्किलस व युरिपिडिस यांनींहि नाटकें लिहिलीं होतीं. तीं आज नष्ट झालीं आहेत. परंतु तिन्हीं नाटकांची तुलना करणाऱ्या एका प्राचीन वक्त्याचा लेख शिल्लक आहे. त्यावरून असें दिसतें कीं, त्या दोघांच्या लेम्नॉसवर मनुष्यवस्ती होती. बेट निर्मनुष्य केलें तें सोफोक्लीसनें. निओप्टॉलेमसलाहि या कथेंत त्यानेंच आणलें. हे दोन फेरफार किरकोळ नव्हेत. पहिल्यानें शिपायाचें एकटेपण पुरें झालें. दुसऱ्यानें ज्याला लढाईचा अनुभव नाहीं अशा तरुणाची, आणि त्याच्या रूपानें प्रेक्षकाची, परीक्षा सुरू झाली. नाटक इसवी सनापूर्वीं ४०९ या वर्षीं झालें व त्याला पहिलें बक्षीस मिळालें. सोफोक्लीस त्या वेळीं नव्वदीच्या घरांत होता. तारुण्य ओसरल्यावर तो स्वतः अथेन्सचा एक सेनापति निवडला गेला होता, हें त्याच्या ‘अँटिगनी’वर बोलतांना आम्ही प्राध्यापक सांगतों, आणि या नाटकावर बोलतांना विसरतों. अथेन्स व स्पार्टा यांचें युद्ध सुरू होऊन वीस वर्षांहून अधिक काळ झाला होता. समोर बसलेल्या नागरिकांपैकीं बहुतेकांनीं केव्हां ना केव्हां भाला धरला होता. त्यांच्यापुढें हा चिंध्यांतला शिपाई लंगडत आला.

तो बोलूं लागतो तेव्हां पहिली गोष्ट मागतो ती अन्नहि नव्हे, औषधहि नव्हे. ग्रीक वेषांतील हीं माणसें बोलतात कोणती भाषा, हें त्याला ऐकावयाचें आहे. ग्रीक शब्द कानीं पडतांच तो आनंदानें विव्हळ होतो. मग तो जुन्या सोबत्यांची चौकशी करतो. अकिलीस? मेला. एजॅक्स? मेला. पॅट्रोक्लस? तोहि गेला. आणि ओडिसियस? तो आहे. थर्सायटीस? तोहि आहे. युद्ध चांगल्यांना वेंचून नेतें आणि लबाडांना मागें ठेवतें, हा निष्कर्ष त्या बोलण्यांतून निघतो. ज्यानें कोणा निवृत्त शिपायाच्या ओटीवर दोन घटका काढल्या आहेत त्याला ही प्रश्नोत्तरें ओळखीचीं वाटतील. गांवीं आलेल्या एका फौजी माणसाला दुसरा भेटला कीं, पहिली अर्धी घटका अशीच जाते: अमका कोठें आहे, तमका कसा गेला.

परंतु माझ्या मतें सबंध नाटकाची किल्ली याच्या जरा आधीं आहे, आणि ती इतकी साधी आहे कीं टीकाकार तिच्यावरून पुढें निघून जातात. निओप्टॉलेमसला आपली हकीगत सांगतांना फिलॉक्टेटिस म्हणतो कीं, दहा वर्षांत या बेटाला कधीं कधीं जहाजें लागलीं. खलाशी उतरले. त्यांनीं त्याची कींव केली, थोडें अन्न दिलें, अंगावर घालावयास एखादा कपडा दिला. पण मला घरीं न्या म्हटल्याबरोबर एकहि जण तयार झाला नाहीं.

हें वाक्य अथेन्सच्या प्रेक्षकांनीं कसें ऐकलें असेल? तें शहर आपल्या शिपायांना विसरणारें नव्हतें. लढाईंत मेलेल्यांच्या मुलांचा सांभाळ सरकारी खर्चानें होई. तीं मोठीं झालीं कीं नाट्यमहोत्सवांतच त्यांना पूर्ण शस्त्रास्त्रें देऊन प्रेक्षकांपुढून चालवीत नेत. युद्धांत पंगु झालेल्यांना सरकारनें पोसावें असा कायदा फार जुन्या काळापासून होता, असें प्लुटार्क सांगतो. याच सुमाराचें, लिसियस या भाषणलेखकाचें एक लहानसें भाषण आहे. त्यांत एक पंगु मनुष्य आपल्याला रोज मिळणारा एक ओबल बंद होऊं नये म्हणून सभेपुढें विनवणी करतो. विरोधकाचा आरोप असा कीं, हा घोड्यावर बसतो, तेव्हां हा पंगु कसला! बिचारा उत्तर देतो कीं, चालवत नाहीं म्हणूनच तर मागून आणलेल्या घोड्यावर बसतों. (दर नोव्हेंबरांत आपण जिवंत असल्याचा दाखला देणाऱ्या आमच्याकडील निवृत्तांनीं तें भाषण अवश्य वाचावें, मन हलकें होईल.) तात्पर्य, ज्या समाजानें पेन्शन दिली होती, अनाथांचें पालन केलें होतें, त्या समाजापुढें उभें राहून सोफोक्लीसनें हें वाक्य उच्चारविलें. अन्नवस्त्र मिळालें, घरीं कोणी नेलें नाहीं.

आमच्या पिढीच्या इंग्रजीच्या विद्यार्थ्यांनीं हें नाटक एडमंड विल्सनच्या निबंधांतून ओळखलें. ‘द वूंड अँड द बो’ हें त्याचें पुस्तक १९४१ सालचें. जखम आणि धनुष्य एकाच माणसाजवळ आहेत, यांत विल्सनला कलावंताचें चित्र दिसलें: ज्याच्या प्रतिभेची समाजाला गरज आहे पण ज्याच्या व्याधीची समाजाला शिसारी आहे, असा कलावंत. निबंध बहारीचा आहे. मीहि अनेक वर्षें तोच शिकवीत आलों. पण शिकवतां शिकवतां एक शंका मनांत घर करून राहिली. ज्या जमान्यांत जग दुसऱ्या महायुद्धाच्या आगींत होरपळत होतें, त्या जमान्यांतील एका मोठ्या टीकाकाराला लढाईवर निघालेला, कामावर असतांना जायबंदी झालेला, आपल्याच सेनापतींनीं टाकून दिलेला शिपाई दिसला, आणि तो म्हणाला, हा कवि आहे! वाङ्मयाच्या लोकांना सगळीकडे आपलाच चेहरा दिसतो, याचें याहून ठळक उदाहरण मला देतां येणार नाहीं. जखम हें रूपक करून टाकलें कीं तिला वास येत नाहीं. सोफोक्लीसनें तर तिचा वास नाटकभर दरवळत ठेवला आहे.

विल्सननें एक गोष्ट मात्र अचूक हेरली, ती ही कीं नाटकाचा पेंच धनुष्य आणि माणूस यांच्या संबंधांत आहे. ओडिसियसचा सगळा बेत धनुष्यासाठीं आहे. माणूस आला तर ठीक, न आला तर त्यावांचून अडत नाहीं, असें तो एकदां स्पष्टच बोलून दाखवतो. फिलॉक्टेटिसला कळ येते. ती ओसरेपर्यंत संभाळ, असें म्हणून तो धनुष्य त्या पोराच्या हातीं देतो. मग वेदनेनें थकून झोपी जातो. तेव्हां खलाश्यांचा समूह कुजबुजतो कीं, हीच वेळ आहे, निघूं या. दहा वर्षांपूर्वींचा तोच प्रसंग पुन्हां आला: झोपलेला शिपाई आणि निघालेलें जहाज. पण निओप्टॉलेमस हलत नाहीं. या माणसावांचून धनुष्याला अर्थ नाहीं, असें तो म्हणतो. भविष्याचा खरा अर्थ त्याला इतरांच्या आधीं कळला, असें यावर पंडितांचें भाष्य आहे. मला तें अपुरें वाटतें. त्या पोरानें नुकतीच एका माणसाची किंकाळी जवळून ऐकली होती. ओडिसियसनेंहि ती ऐकली होती. पण त्याला ती देवकार्यांतील विघ्न म्हणून ऐकूं आली होती.

हें नाटक आणि त्याच कवीचें ‘एजॅक्स’ ही शिपायांचीच मिळकत आहे, हें सिद्ध करण्याचें श्रेय टीकाकारांना नाहीं. जोनाथन शे नांवाचे एक मानसरोगचिकित्सक बोस्टन येथें व्हिएतनामच्या युद्धांतून परतलेल्या सैनिकांवर उपचार करीत. त्यांच्या हकीगती ऐकतां ऐकतां त्यांना ‘इलियड’मधील अकिलीस ओळखीचा वाटूं लागला, आणि १९९४ सालीं त्यांनीं त्यावर पुस्तक लिहिलें. पुढें २००८ सालीं ब्रायन डोअरीज या दिग्दर्शकानें अमेरिकन सैनिकांपुढें या दोन नाटकांचें वाचन सुरू केलें. ना पोषाख, ना पडदे. चार नट टेबलाशीं बसून वाचीत, आणि मग समोरचे सैनिक व त्यांच्या बायका बोलत. बायका पुष्कळ बोलत, असें त्या उपक्रमाच्या वर्णनांत येतें. तें साहजिक आहे. एजॅक्सची बायको टेकमेसा रात्रीं काय घडलें तें ज्या आवाजांत सांगते, तो आवाज त्यांनीं आपल्याच घरांत ऐकला होता.

आतां दोन इंग्रजी कादंबऱ्यांकडे वळावयाचें आहे. एकींत एक विनोद आहे, आणि तो मला कळला नव्हता. माझ्या एका विद्यार्थ्यानें दाखविला. हे गृहस्थ सतरा वर्षांची नोकरी करून हवालदार म्हणून सैन्यांतून निवृत्त झालेले, वय छत्तीस-सदतीस, माणदेशाकडले. नोकरींत असतांनाच बाहेरून बी. ए. झालेले. दिवसा आमच्याकडे एम. ए.च्या वर्गांत बसत आणि रात्रीं एका बँकेच्या दाराशीं पहाऱ्यावर असत. वर्गांतील इतर मुलांना मी एकेरी हांक मारतों, त्यांना मारवेना. व्हर्जिनिया वुल्फची ‘मिसेस डॅलोवे’ आम्ही वाचीत होतों.

ती कादंबरी १९२५ सालची. लंडनमधील एका प्रतिष्ठित बाईच्या घरीं रात्रीं मेजवानी आहे, एवढेंच तिचें कथानक; आणि त्या कथानकाशीं वरवर कांहींहि संबंध नसलेला सेप्टिमस स्मिथ त्याच दिवशीं त्याच शहरांत वेडाच्या कडेवर फिरतो आहे. युद्धाच्या आरंभीं जे आपण होऊन भरती झाले त्यांतला हा एक. शेक्सपियर आणि शेक्सपियर शिकवणारी एक तरुणी, एवढाच त्याचा इंग्लंड देश; तो वांचवावयास तो गेला. तेथें त्याचा जिवलग मित्र इव्हान्स युद्ध संपतां संपतां मेला, आणि सेप्टिमसला कांहींच वाटलें नाहीं. वाटलें नाहीं याचा त्याला आधीं अभिमान वाटला. मग भय वाटूं लागलें. पहिले डॉक्टर होम्स म्हणतात, याला कांहीं एक झालेलें नाहीं. क्रिकेट खेळावें, नाटकतमाशाला जावें. दुसरे डॉक्टर, सर विल्यम ब्रॅडशॉ, मोठे विशेषज्ञ. ते पाऊण तासांत निदान करतात आणि त्याला बायकोपासून दूर, गांवाबाहेरच्या एका विश्रामगृहांत ठेवण्याचा हुकूम सोडतात. डॉक्टर जिन्यावर आले असें ऐकतांच सेप्टिमस खिडकींतून उडी टाकतो.

डॉ. होम्सचा सल्ला वाचला तेव्हां हवालदार शांत होते. पण पुढें मेजवानीच्या प्रसंगाशीं आम्ही आलों, आणि ते मोठ्यानें हंसले. ब्रॅडशॉ दांपत्य उशिरां येतें. आमचा एक रोगी आजच गेला, असें बाईसाहेब यजमानिणीला सांगतात. आणि सर विल्यम मात्र यजमानांशीं पार्लमेंटपुढील एका बिलाविषयीं बोलत असतात. तोफांच्या धक्क्याचे परिणाम उशिरां दिसूं लागतात, तेव्हां बिलांत त्याची कांहीं तरतूद हवी! वर्ग गंभीर होता. मीहि आतांच करुणरसावर कांहीं बोलणार होतों. हवालदार म्हणाले, “सर, माणूस दुपारी गेला, अन् संध्याकाळी त्याचं कलम झालं.”

त्या वाक्यानें माझें व्याख्यान त्या दिवशीं तेथेंच थांबलें. वुल्फबाईंना करुणरस अभिप्रेत नव्हता. त्यांना उपहास अभिप्रेत होता, आणि तो इतका बारीक कीं मीं वीस वर्षें तो चुकविला. ब्रॅडशॉ दुष्ट नाहींत. तरतूद व्हावी असें त्यांना मनापासून वाटतें. आणि तरतुदी झाल्याहि. ‘शेल शॉक’ हा शब्द वैद्यकीय लेखनांत डॉ. चार्ल्स मायर्स यांनीं १९१५ सालीं रूढ केला. १९२२ सालीं ब्रिटिश युद्धखात्याच्या चौकशी समितीचा अहवाल निघाला. १९८० सालीं अमेरिकन मानसरोगतज्ज्ञांनीं मोठ्या आघातानंतर उद्भवणाऱ्या या विकाराला आपल्या यादींत स्वतंत्र नांव दिलें. या तरतुदी क्षुद्र आहेत असें मी म्हणणार नाहीं. पण कादंबरीकर्तीनें दाखविलेलें अंतर त्यांनीं मिटत नाहीं. कलम आणि खिडकी यांच्यामध्यें एक जिना आहे, आणि त्या जिन्यावर कोणाचीं पावलें वाजतात यावर सगळें अवलंबून आहे.

दुसरी कादंबरी रिबेका वेस्टची, ‘द रिटर्न ऑफ द सोल्जर’, युद्ध संपण्यापूर्वींच, १९१८ सालीं प्रसिद्ध झालेली. लहानशी आहे, एका बैठकींत वाचून होते. ख्रिस बाल्ड्री नांवाचा श्रीमंत अधिकारी फ्रान्समधून परत येतो तो गेलीं पंधरा वर्षें विसरून. त्याला आपली बायको आठवत नाहीं, तारुण्यांतील गरीब प्रेयसी मार्गारेट तेवढी आठवते. तिच्या सहवासांत तो सुखी आहे. पण तो बरा झालाच पाहिजे. आणि तो बरा करण्याचा उपाय मार्गारेटलाच सुचतो. त्याचा एक लहान मुलगा वारला होता. त्या मुलाच्या वस्तु ती त्याच्या हातीं देते. शेवटच्या पानांवर तो हिरवळीवरून घराकडे चालत येतांना दिसतो: स्मृति आलेली, पाऊल लष्करी पडलेलें. बायको समाधानानें म्हणते, बरा झाला! बरा झाला म्हणजे आतां त्याला परत खंदकांत जावें लागणार. येथें उपचार म्हणजे धनुष्य पुन्हां जोडून घेणें होय. ओडिसियसला हा डॉक्टर आवडला असता. लेखिका त्या वेळीं पंचविशींत होती, हें लक्षांत घेतलें म्हणजे शेवटच्या त्या एका शब्दाचें धारदारपण अधिकच जाणवतें.

आपल्याकडे काय आहे? पहिल्या महायुद्धांत तेरा लाखांवर हिंदी माणसें समुद्रापार गेलीं. सुमारें ७४,००० परत आलीं नाहींत. बेलगांवच्या व पुण्याच्या पलटणींतील मराठे मेसोपोटेमियांत कूटच्या वेढ्यांत अडकले, आणि १९१६ च्या एप्रिलांत शहर पडल्यावर तुर्कांचे कैदी झाले. या सगळ्यांतून हिंदींत चंद्रधर शर्मा गुलेरी यांची ‘उसने कहा था’ ही कथा जन्मली, तीहि युद्ध चालू असतांनाच, १९१५ सालीं. ती अजोड आहे. पण तिचा लहनासिंग परत येत नाहीं, वर्तमानपत्रांतील मृतांच्या यादींत एका ओळीपुरता येतो. परत येणाऱ्याची गोष्ट लिहिली मुल्कराज आनंद यांनीं, इंग्रजींत. त्यांच्या कादंबरीत्रयींतील ‘अक्रॉस द ब्लॅक वॉटर्स’ (१९४०) सर्वांना ठाऊक असते. पण शिपायाच्या दृष्टीनें महत्त्वाची आहे ती तिसरी, ‘द सोर्ड अँड द सिकल’ (१९४२). जमिनीच्या आशेनें लढावयास गेलेला लालूसिंग जर्मनांच्या कैदेंतून सुटून येतो, तों इकडे आपलीच जमीन गेलेली, घर मोडलेलें. कादंबरी म्हणून ती पसरट आहे. उत्तरार्धांत वादविवादांचा इतका सुळसुळाट होतो कीं शिपाई त्यांत हरवतो. तरी आरंभीचीं प्रकरणें, जेथें लालू एकेका दारापुढें उभा राहून आपलें पूर्वींचें जग धुंडाळतो, तीं विसरतां येत नाहींत.

मराठीचा हिशेब याहून तुटपुंजा आहे. आपल्या श्रेष्ठ कादंबऱ्यांत जिची गणना होते ती विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (१९३९) एका बोटीवर घडते. शिपाई हा तिचा विषयच नाहीं. पोवाड्यांत शिपाई आहे तो लढतो किंवा पडतो. आणि खेडोपाडीं वेशीजवळ, देवळाशेजारीं, शेंदूर फांसलेले वीरगळ उभे आहेत: खालच्या चौकटींत लढाई, मधल्या चौकटींत वीराला स्वर्गीं नेणाऱ्या अप्सरा, वर शिवपूजा. दगडाच्या त्या तीन मजल्यांत, लढून जिवंत घरीं आलेल्यासाठीं जागा नाहीं. त्याच्यासाठीं आपण पुढें जी जागा केली ती नाटकसिनेमांतील गलमिश्या पेन्शनर सुभेदाराची. तो बढाया मारतो, काठी आपटतो, आणि पोरें त्याला हंसतात.

तथापि मराठींत परतलेल्या शिपायाचा आवाज मुळींच नाहीं असें म्हणतां येणार नाहीं. तो आपण चुकीच्या कपाटांत शोधतों. कोकणांत दापोलीला जुन्या पलटणींतील पेन्शनरांची वसाहत होती. गोपाळबाबा वलंगकर हे महार जातीचे हवालदार निवृत्त होऊन तेथें राहिले. त्यांनीं अनार्य दोष परिहारक मंडळी स्थापन केली, ‘दीनबंधु’सारख्या पत्रांतून लेख लिहिले, आणि १८८८ सालीं ‘विटाळ विध्वंसन’ हें पुस्तक काढलें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारनें महारांची सैन्यभरती बंद केली. ज्यांच्या बापजाद्यांनीं कंपनीच्या पलटणींत लढाया मारल्या, त्यांना आतां लढवय्ये म्हणून गणतां येत नाहीं असें ठरलें. त्याविरुद्ध वलंगकरांनीं १८९४ सालीं सेनापतींच्या नांवें एक अर्ज तयार केला. तो आजवर सामाजिक इतिहासाचें साधन म्हणून वाचला गेला, आणि तें योग्यच आहे. पण मी तो मराठी गद्य म्हणून वाचावा अशी शिफारस करीन. अर्जाची ठराविक नम्रता, कायद्याची भाषा, आणि त्या दोहोंच्या मधून निसटणारा, नोकरी करून आलेल्या माणसाचा ताठ आवाज, हें मिश्रण आपल्या गद्यांत दुर्मिळ आहे. यांतील अन्याय तर लेम्नॉसच्याहि पलीकडचा. तेथें धनुष्याची गरज पुन्हां लागली म्हणून कोणी तरी परत आलें. येथें धनुष्य नको म्हणून माणूस नको, आणि गांवानें तर त्याला आधींच वेशीबाहेर ठेवलेलें. पुढें १९१७ सालीं युद्धाची निकड लागली तेव्हां महारांची पलटण उभी करण्यांत आली, आणि निकड संपल्यावर ती मोडण्यांत आली. सैन्यांतील शिक्षणानें शहाणे झालेले हे पेन्शनर आणि त्यांचीं मुलें यांनीं महाराष्ट्राच्या इतिहासांत पुढें काय केलें हें सांगावयास नको. सुभेदार रामजी सकपाळ यांच्या मुलाचें नांव भीमराव.

संस्था निघाल्या नाहींत असें नाहीं. अपंग सैनिकांना धंदे शिकविणारी, क्वीन मेरीच्या नांवाची संस्था १९१७ सालीं निघाली. तिचें ठिकाण पुण्याजवळ खडकीस. सैनिकांच्या हिताचें मध्यवर्ती मंडळ १९१९ सालचें, पुण्याचें कृत्रिम अवयव केंद्र १९४४ सालचें, ध्वजदिनाची प्रथा १९४९ पासूनची. समान हुद्द्याला समान निवृत्तिवेतन मिळावें म्हणून २०१५ सालीं वृद्ध माजी सैनिक दिल्लींत जंतरमंतरवर महिनोन्महिने बसले, तेव्हां त्या वर्षीं ५ सप्टेंबरला ती योजना जाहीर झाली. हें सारें अन्नवस्त्राच्या सदरांत जमा आहे, आणि अन्नवस्त्र हें हलकें सदर नव्हे. दहा वर्षें चिंध्यांत काढलेल्या माणसाला तें विचारून पाहावें. पस्तिशी-चाळिशींत निवृत्त होणाऱ्या शिपायापुढें मुलांचीं शिक्षणें, म्हाताऱ्या आईबापांचें दुखणें आणि अर्धें आयुष्य उभें असतें. मी म्हणतों तें इतकेंच, कीं घरीं नेणें हें सदर निराळें आहे, आणि तें चालविण्याचें काम सरकारपेक्षां वाङ्मयाचें, शाळांचें, शेजाऱ्यांचें अधिक आहे.

नाटकाच्या शेवटाविषयीं बोलावयाचें राहिलें. निओप्टॉलेमस धनुष्य परत देतो. वचन खरें करून शिपायाला घरीं न्यावयास निघतो. आणि एवढ्यांत आकाशांत हेराक्लीस प्रकट होऊन सांगतो, घरीं नव्हे, ट्रॉयला जा. तेथें तुझी जखम बरी होईल आणि तुझ्या हातून शहर पडेल. फिलॉक्टेटिस ऐकतो. कोणाचेंहि न ऐकणारा हा हट्टी मनुष्य क्षणांत वळतो, म्हणून टीकाकारांनीं या शेवटाला युगानुयुगें नांवें ठेवलीं. गांठ सुटेना तेव्हां कवीनें देव खालीं उतरविला, असा आक्षेप. मीहि वर्गांत तोच सांगितला.

हवालदारांनीं त्यावर चार पानांचा निबंध लिहून आणला. त्यांचें म्हणणें असें: हेराक्लीस हा येथें देव म्हणून आलेलाच नाहीं. हें धनुष्य मूळचें त्याचें. मरणाच्या वेदनांत त्याला चितेवर चढावयाचें होतें, आणि चितेला अग्नि द्यावयास कोणी धजेना, तेव्हां फिलॉक्टेटिसनें तो दिला. त्याबद्दल धनुष्य मिळालें. म्हणजे या बेटावर आजपर्यंत जे जे आले त्यांत, वेदना म्हणजे काय हें जाणणारा आणि या माणसाचा ऋणी असलेला, असा हा एकच. तो प्रथम आपले स्वतःचे कष्ट सांगतो, मग पुढचें सांगतो. ओडिसियसचा हुकूम त्यानें मानला नाहीं, पोराची विनवणी मानली नाहीं, जुन्या साथीदाराचा शब्द मानला. “देव नसता तरी ऐकलं असतं,” असें शेवटचें वाक्य होतें. मूळ संहिता पुन्हां उघडून पाहिली. हेराक्लीसच्या भाषणाचा आरंभ तसाच आहे. त्या शेवटाविषयीं इतकें समाधानकारक विवरण मला कोणत्याहि पंडिताच्या पुस्तकांत आढळलेलें नाहीं.

त्या वर्षीं हवालदारांना परीक्षेस बसतां आलें नाहीं. रात्रपाळीमुळें सकाळचे तास चुकत. हजेरी भरली नाहीं. ज्या महाविद्यालयांत हें झालें त्याचें नांव येथें नको. नियम नियमच असतो, आणि ज्या सभेंत तो निर्णय झाला तींत मीहि बसलों होतों. मीं त्यांना घरीं बोलावलें, चहा दिला, माझ्याजवळचीं कांहीं जुनीं पुस्तकें दिलीं, आणि फार वाईट वाटलें असें म्हणालों. त्यांनीं पुस्तकें घेतलीं. पुढें त्यांची बदली झाली असें कळलें. पहारेकऱ्यांचीहि बदली होते, हें मला तोंपर्यंत ठाऊक नव्हतें. निबंधाचे ते कागद माझ्याकडेच राहिले आहेत, आणि हेराक्लीसविषयीं वर जें लिहिलें आहे तें बव्हंशीं त्यांच्याच शब्दांत आहे.